‘खोटुं लाग्युं?’

पत्र

मावशी,
माझं माहेर नाशिकजवळ, दिंडोरी तालुक्यात. लग्न होऊन आठ महिने झाले. नवरा गुजराती, आम्ही सुरतेत त्याच्या आईवडिलांसोबत आणि आजीसोबत राहतो. दोघांची ओळख नोकरीत झाली, आम्ही आपसात हिंदी बोलतो. गुजराती मराठीसारखीच आहे, आपोआप येईल, असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, ‘काले मासी आववानां छे, वाल पलाळजे.’ ‘पलाळजे’ कळलं नाही म्हणून नणंदेला विचारलं, तिने सांगितलं, भिजत घाल. मी घरच्यापुरते दोन मुठी भिजवले. मासी काल येऊन गेल्या असतील अशी माझी समजूत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चौघांना घेऊन दारात. सासूबाई म्हणाल्या, ‘में तो काले कह्युं हतुं!’

ते विसरले असते. पण गेल्या महिन्यात मी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिला होता. त्यांनी तो पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘आ खोटुं छे.’ माझ्या आईवडिलांनी मला कधी खोटारडी म्हटलं नाही. माझे डोळे भरून आले, तर वर विचारतात, ‘खोटुं लाग्युं?’ म्हणजे मी रडले तेही खोटं! त्यानंतर फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, ‘हमणां वहु नवरी छे, मोकलुं छुं.’ मला वाटलं, नवी नवरी म्हणून कौतुक चाललंय. नणंद म्हणाली, नवरी म्हणजे रिकामी.

नवऱ्याला सांगितलं की तो म्हणतो, मम्मीचा तसा अर्थ नव्हता. आता मी त्यांच्याशी हिंदीतच बोलायचं ठरवलंय, तेही कामापुरतं. वेगळं राहायचा विषय काढू का?
– सुरतेहून एक वाचक

उत्तर

बाळा,
तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ‘खोटुं लाग्युं?’ या दोन शब्दांवर थांबले. वेगळं राहण्याचं, हिंदीचं, सगळ्याचं बोलू. पण आधी हे सांगते, कारण हे तुला आजच कळायला हवं.

‘खोटुं लाग्युं?’ याचा गुजरातीतला अर्थ आहे, ‘तुला वाईट वाटलं का?’

तुझ्या सासूबाईंनी तुझे भरलेले डोळे पाहिले आणि विचारलं, लागलं का गं तुला माझं बोलणं? गुजरातीत माणूस दुखावला की त्याला ‘खोटुं लागे’. एखादी कडू गोष्ट सांगायच्या आधी ‘खोटुं ना लगाडतां’ म्हणतात, आपण ‘वाईट वाटून घेऊ नका’ म्हणतो तसं. त्या तुझी विचारपूस करत होत्या, आणि तुला तो दुसरा आरोप ऐकू आला. तू मान फिरवून आत गेली असशील. त्यांना वाटलं असेल, एवढं विचारलं तरी हिने उत्तर दिलं नाही. म्हणजे त्या दिवशी दुखावल्या तुम्ही दोघी आणि तेही एकाच शब्दाने.

आता त्याच्या आधीचं ‘आ खोटुं छे’. माझं बालपण वडोदऱ्याला गेलं, घर मराठी आणि शाळा गुजराती. आमच्या वर्गात गणित चुकलं की बाई म्हणायच्या, ‘दाखलो खोटो छे.’ मराठी कानाला काय वाटेल बघ, जणू कुणी बनावट दाखला आणलाय! गुजरातीत ‘दाखलो’ म्हणजे गणितातलं उदाहरण आणि ‘खोटो’ म्हणजे चुकलेला. बाईंनी एवढंच म्हटलेलं असायचं की उदाहरण चुकलंय, पुन्हा सोडव. ‘खोटुं’चा ‘असत्य’ हा अर्थ गुजरातीतही आहे, नाही असं नाही. पण बेरजेला, पत्त्याला, चुकीच्या काजात घातलेल्या बटणाला ‘खोटुं’ म्हणतात तेव्हा तिथे फक्त चूक असते, लबाडी नसते. दुधाचा हिशेब ही बेरीजच की. एखाद्या दिवशी अर्धा लिटर जास्त घेतलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल. त्यांनी आकड्याला चूक म्हटलं आणि ते तू स्वतःवर घेतलंस.

आपल्याकडेही हा अर्थ अगदीच पुसला गेलेला नाही. ‘खोट’ म्हणजे दोष, उणीव. ‘खोटं नाणं’ काही बोलत नाही, तरी आपण त्याला खोटं म्हणतो. मराठीत पुढे हा शब्द बोलण्याला चिकटला आणि ‘खोटं’ म्हटलं की आधी थाप आठवायला लागली. गुजरातीत तो आकड्यालाही चालत राहिला आणि मनालाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमची आजी साताऱ्याकडून लग्न होऊन वडोदऱ्यात आली आणि पन्नास वर्षं तिथे राहून मराठीतच बोलत राहिली. पण तिच्या मराठीत गुजराती नकळत झिरपलं होतं. मी रुसले की ती विचारायची, ‘खोटं लागलं का गं माझ्या सोन्याला?’ मला ते शुद्ध मराठीच वाटायचं. पुढे पुण्याला शिकायला गेले. खोलीतली मुलगी एकदा माझ्या बोलण्याने गप्प झाली, तेव्हा मी मनापासून तिला तेच विचारलं, ‘खोटं लागलं का?’ ती ताडकन म्हणाली, ‘मी कशाला खोटं वागू?’ आणि चार दिवस बोलली नाही. मी समजूत काढायला गेले होते. चारही दिवस मला कळेना की माझं काय चुकलं. तुझ्या सासूबाई त्या संध्याकाळी कशा बसल्या असतील ते मला म्हणून दिसतं.

आता वालाकडे ये, कारण तुझ्या अडचणीचं मूळ त्या दोन मुठी वालात आहे आणि ते तूच लिहिलं आहेस. ‘पलाळजे’ तुला अनोळखी होता म्हणून तू लगेच विचारलंस, आणि वाल भिजले. ‘काले’ ओळखीचा वाटला म्हणून विचारलं नाहीस, आणि घोटाळा तिथेच झाला. अनोळखी शब्द आपल्याला फसवत नाही गं, त्याला आपण दारातच ‘तू कोण’ म्हणून विचारतो. फसवतो तो ओळखीच्या चेहऱ्याचा.

‘काले’ गुजरातीत कालसुद्धा आणि उद्यासुद्धा, हिंदीतल्या ‘कल’सारखा. संस्कृतात ‘कल्य’ म्हणजे पहाट. आजच्या अलीकडची पहाट आणि पलीकडची पहाट, दोन्ही या शब्दात मावल्या. मराठीने ‘काल’ मागच्या दिवसाला दिला आणि पुढच्यासाठी ‘उद्या’ वापरला. गुजरातीने एकच ठेवला. नेमकं सांगायचं असलं की ते ‘गई काले’ आणि ‘आवती काले’ म्हणतात, पण घरात रोज एवढं कोण बोलतं? मग ओळखायचं कसं, तर शब्दाकडे बघायचंच नाही, क्रियापदाकडे बघायचं. ‘आवशे’, ‘करशे’, ‘आववानां छे’ आलं की उद्या. ‘आव्यां हतां’, ‘कह्युं हतुं’ आलं की काल. हा ‘शे’ संस्कृतातल्या ‘करिष्यति’मधल्या ‘ष्य’चा वंशज आहे. तो ऐकू आला की खुशाल समज, गोष्ट अजून व्हायची आहे. आता सासूबाईंची दोन्ही वाक्यं पुन्हा वाच. पहिल्यातला ‘काले’ उद्या होता आणि दुसऱ्यातला काल. दोन दिवसांत एकच शब्द दोन बाजूंनी आला, तुला चुकल्यासारखं झालं यात तुझा काही दोष नाही.

असं लहान शब्दांच्याच बाबतीत जास्त का होतं, हे मला खूप वर्षं कुतूहलाचं वाटत आलंय. बाराखडीचाच हिशेब कर. चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बारा रूपं, तर झाली 408. एका अक्षरात म्हणता येतील असे आवाज एवढेच. जगातल्या प्रत्येक भाषेला सगळ्यात जास्त लागणारे शब्द आखूड हवे असतात, रोज हजारदा लागतात म्हणून. मग तेच ते आवाज सगळ्या वाटून घेतात आणि आपापला अर्थ भरतात. ‘ने’ घे. मराठीत आपण म्हणतो, ‘हा डबा ने’, म्हणजे घेऊन जा. गुजरातीत ‘चा लो ने’ म्हणजे घ्या ना चहा. ग्रीक माणूस ‘ने’ म्हणतो तेव्हा तो हो म्हणत असतो, आणि शेजारच्या बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही. एकाच सीमेच्या अलीकडे होकार, पलीकडे नकार.

‘बा’ तर आपल्या घराच्या आतलाच. दिंडोरीकडे जुनी माणसं वडिलांना बा म्हणतात, तू ऐकलं असशील. गुजरातीत बा म्हणजे आई किंवा आजी. कस्तुरबांच्या नावातला बा हाच. बेळगावच्या बाजारात कानडी माणूस ‘बा’ म्हणेल तर तो तुला ‘ये’ म्हणतोय. भोजपुरीत ‘बा’ म्हणजे आहे. उद्या कोणी ‘बाने चा आप’ म्हटलं तर चहा सासऱ्यांकडे नेऊ नकोस, आजेसासूबाईंना दे. तिथल्या ‘ने’चा अर्थही आपल्या ‘ने’सारखा नाही, तो आपला ‘ला’ आहे.

सगळंच उलटं आहे असं मात्र समजू नकोस, नाहीतर घाबरून बसशील. गुजरातीतलं ‘बे’ म्हणजे दोन. तू पहिलीत ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणत होतीस तेव्हा तो गुजराती आकडा तुझ्या तोंडी आलेलाच होता. संस्कृत ‘द्वे’ झिजून ‘बे’ झाला. मराठीने मोजायला ‘दोन’ घेतला, पण पाढ्यात आणि बेचाळीसमध्ये ‘बे’ राहिला. ‘चालशे’ म्हणजे चालेलच. ‘वाट जोवी’ म्हणजे वाट पाहणंच. आधार खूप आहे.

आता ‘नवरी’. इथे मी तुला केवळ गोड वाटावं म्हणून काही सांगणार नाही. गुजरातीत ‘नवरुं’ म्हणजे रिकामं, मोकळं. ‘नवरो’ आणि ‘नवरी’ ही त्याचीच रूपं, त्यांचा लग्नाशी काही संबंध नाही. नणंद बरोबर बोलली. पण रिकामी आणि रिकामटेकडी यात मराठीत जसा फरक आहे, तसाच गुजरातीतही आहे, आणि तो पुढच्या शब्दावरून कळतो. ‘हमणां वहु नवरी छे, मोकलुं छुं’ म्हणजे सून आत्ता मोकळी आहे, पाठवते. कुणाकडे तरी काही द्यायला-आणायला तुला पाठवणार असतील. यात तक्रार नाही. ‘नवरी पडे त्यारे आवजे’ म्हणजे हातातलं काम झालं की ये. हेही प्रेमाचंच. पण ‘आखो दिवस नवरी बेठी रहे छे’ हे वाक्य वेगळं. दिवसभर नुसती बसून असते, असा तो टोमणा आहे. तू लिहिलंस ते पहिल्या प्रकारचं आहे आणि मी त्यावरच विश्वास ठेवून बोलते. पुढेमागे दुसऱ्या प्रकारचं ऐकू आलं, तर शब्दकोश उघडून त्यांची बाजू घ्यायची नाही. टोमणा कुठल्याही भाषेत टोमणाच असतो आणि त्याचं बोलणं सरळ व्हायला हवं. मला एवढंच वाटतं की खरा टोमणा कुठला आणि कानाचा घोटाळा कुठला, हे तुला वेगळं काढता आलं पाहिजे. आज ते दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेत.

हिंदीचं तू ठरवलंस ते मला पटलं नाही. हिंदीतून बोललं की धोका टळतो, असं वाटतं खरं. पण हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे ती छडीची. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि आपल्याकडे टिंगल. गुजरातीत ‘मोटी वहु’ म्हणजे थोरली सून, तेच हिंदीच्या कानाने ऐकलं तर जाडी. घोटाळे तिथेही आहेत. त्याहून मोठं असं की हिंदी ना तुझी ना त्यांची. दोघी परक्या घरात पाहुण्यासारख्या बसाल, आणि पाहुणे एकमेकांना ‘लागलं का’ असं विचारत नाहीत. तुझ्या नवऱ्याशी तुझं हिंदीत जमलं कारण तुम्ही एकमेकांना त्याच भाषेत भेटलात. सासूबाई तुला गुजरातीत भेटल्यात.

नवऱ्यालाही मध्यस्थ करू नकोस. ‘मम्मीचा तसा अर्थ नव्हता’ हे तो खरं सांगतोय, पण त्याला मराठी येत नाही. तुझ्या कानात ‘खोटं’ कसं वाजतं हे त्याला माहीत असायचं कारणच नाही. म्हणून त्याला तुझं रडणं कळत नाही आणि तुला वाटतं, तो आईची बाजू घेतोय. हे पत्र त्याला वाचून दाखव. हिंदीत समजावून सांगितलंस तरी चालेल.

करायचं काय, ते सांगते. स्वयंपाकघरात एक वही ठेव, आणि तिच्यात अवघड गुजराती शब्द लिहू नकोस. ते तू विचारशीलच. फक्त मराठीसारखे वाटणारे लिही. ‘सारुं’ (सारं नाही, चांगलं), ‘मारुं’ (मारणं नाही, माझं), ‘जो’ (कोणी एक नाही, बघ). समोर त्यांचा अर्थ सासूबाईंना विचारून लिही. ‘आनो अर्थ शुं थाय?’ एवढं एक वाक्य आलं की पुरे. गुजराती लिपीही शिक. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, डोक्यावरची रेघ नाही, बरीचशी अक्षरं बघताक्षणी ओळखू येतात, अ, क, ख, ज अशी काही वेगळी. जेवण झाल्यावर अर्धा तास दिलास तर महिन्याभरात दुकानांच्या पाट्या वाचशील.

आमच्या वडोदऱ्यात मराठी राजा, गुजराती प्रजा आणि इंग्रजी कागद, असं तिन्ही एकत्र नांदलं. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, 1931 साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला, तोही आठ भाषांचा. कचेरीतल्या मोठ्या शब्दांवरून गोंधळ नको म्हणून एवढे कष्ट घेतले. काले, खोटुं, नवरी यांच्यासाठी कोश लागतो असं मात्र कुणाच्या मनात येत नाही, आणि घरं चालतात ती याच शब्दांवर. तुझ्या वहीला कमी लेखू नकोस.

वेगळं राहण्याचा विषय आज काढू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे घर लहान पडतं म्हणून, नोकरी लांब आहे म्हणून, किंवा तुम्हा दोघांना हवं आहे म्हणून वेगळं राहिलात तर खुशाल राहा, त्यात गैर काही नाही. पण ‘खोटुं’ या शब्दावरून घर सोडलंस, तर तुझ्या मनात त्या कायम ‘मला खोटारडी म्हणणारी बाई’ राहतील, आणि त्यांनी तसं म्हटलेलंच नाही.

आधी एक काम कर. ते दुधाचं कॅलेंडर काढ, महिना उलटून गेला असला तरी. सासूबाई चहा घेऊन निवांत बसल्या की त्यांच्या शेजारी बस, त्या पानावर बोट ठेव आणि म्हण, ‘मम्मी, ते दिवसे मने बहु खोटुं लाग्युं हतुं.’ त्यांच्याच शब्दात. मग मराठीत खोटं म्हणजे काय ते सांग, हिंदीची मदत घे, हातवारे कर. आपण सहज बोललेला शब्द सुनेच्या कानात काय होऊन पोचला, हे आठ महिन्यांत त्यांना कुणी सांगितलेलं नाही. हिशेबात नेमकं काय चुकलं होतं तेही विचार, आणि आकडा त्यांच्यासमोर दुरुस्त कर.

एक सांभाळ फक्त. त्या बहुधा पुन्हा विचारतील, ‘हजी खोटुं लागे छे?’ म्हणजे अजून वाईट वाटतंय का? तेव्हा तुझ्या तोंडून सवयीने ‘छे छे!’ निघून जाईल. मराठीत तो ठाम नकार, पण गुजरातीत ‘छे’ म्हणजे ‘आहे’. प्राकृतातल्या ‘अच्छइ’पासून आलेला तो शब्द, बंगालीतला ‘आछे’ त्याचाच भाऊ. तुला म्हणायचं असेल मुळीच नाही, आणि त्यांना ऐकू येईल आहे, आहे. तेव्हा मनातून खरंच गेलं असेल तर ‘ना, मम्मी’ म्हण. अजून थोडं राहिलं असेल, तर ‘हा’ म्हण. गुजरातीत हो म्हणायला तेवढं पुरतं.

तुझी,
मावशी